स्मिअर निगेटिव्ह दिली आणि दुसऱ्या लॅबमध्ये मलेरिया निघाला

प्रश्न असा आला आहे: डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून दीड वर्ष झालं, इंदूरच्या एका छोट्या लॅबमध्ये नोकरी आहे. अलीराजपूरकडून आलेला एक मजूर, चार दिवस थंडी वाजून ताप, प्लेटलेट ४२ हजार. सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) ट्यूबमधूनच स्मिअर ओढली, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरवला, लेशमन स्टेनने रंगवली, मायक्रोस्कोपखाली पाहिली आणि ‘एमपी दिसले नाहीत’ असं लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाचा दुसरीकडचा रिपोर्ट फाल्सिपेरम (मलेरियाची धोकादायक जात) पॉझिटिव्ह. मालक म्हणतात मायक्रोस्कोप जुना झालाय, आणि स्मिअरची कटकटच नको, यापुढे फक्त कार्ड (झटपट चाचणीची पट्टी) लावू. तेव्हा मायक्रोस्कोप बदलावा, स्टेन बदलावा, की स्मिअरच सोडून द्यावी?

(मलेरियल पॅरासाइटला आम्ही सगळे एमपी म्हणतो. बाहेरगावचा एखादा पेशंट ‘एमपी निगेटिव्ह’ वाचून विचारतो, मॅडम, यात मध्य प्रदेशचं काय आलं?)

मी ३१ वर्षं हेच काम केलं. आता आठवड्यातून तीन दिवस एका लॅबमध्ये जाते, तेही बहुतेक नव्या मुलांच्या स्लाइडी तपासायला. तुमच्या प्रश्नात पेशंटचं गाव आहे, प्लेटलेट आहेत, मालकांचं म्हणणंही आहे. एकच गोष्ट नाही आणि मला ती सगळ्यात आधी विचारायची आहे: किती फील्ड पाहिली, म्हणजे मायक्रोस्कोपखाली एका वेळी दिसणारे असे किती भाग पाहिले? मायक्रोस्कोप आणि स्टेनचं नंतर बघू.

आधी तुमच्या बाजूने जे बोलायला हवं ते बोलते. चूक तुमचीच होती असं इथून ठामपणे सांगता येत नाही. फाल्सिपेरमचा परजीवी ४८ तासांच्या चक्रातला साधारण पहिला अर्धा भागच बोटातल्या रक्तात फिरतो. वयात आला की त्याने धरलेल्या लाल पेशी आतल्या अवयवांच्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात. म्हणजे काल ज्याच्या रक्तात मोजके परजीवी होते, त्याच्या रक्तात आज भरपूर असू शकतात. दुसऱ्या लॅबने एक दिवस उशिरा रक्त घेतलं. शिवाय त्या माणसाने गावात एखाद्या दुकानातून क्लोरोक्विन किंवा डॉक्सी घेऊन दोन गोळ्या खाल्ल्या होत्या का, हेही आपल्याला माहीत नाही. अर्धवट औषधाने परजीवी कमी होतात आणि उरलेले ओळखू येणार नाहीत इतके वेडेवाकडे दिसतात. एवढं सगळं धरूनही, तुम्ही ज्या पद्धतीने स्लाइड केली त्या पद्धतीत परजीवी सुटण्याची शक्यता बरीच होती. ती किती, ते कागदावर मांडून दाखवते.

थिन स्मिअरच्या, म्हणजे तुम्ही ओढली तशा पातळ थराच्या, चांगल्या भागात ऑइल इमर्शनखाली (तेल लावून पाहायच्या १०० च्या लेन्सखाली) एका फील्डमध्ये सुमारे २५० लाल पेशी दिसतात. १०० फील्ड पाहिली तर २५ हजार पेशी झाल्या. एका मायक्रोलीटर रक्तात साधारण ५० लाख लाल पेशी असतात, म्हणजे १०० फील्ड पाहूनही तुम्ही मायक्रोलीटरचा दोनशेवा भागच पाहिलात. आता थिक स्मिअर घ्या, म्हणजे जाड थेंब. तिच्यात लाल पेशी फुटून धुऊन जातात, म्हणून हिशोब पांढऱ्या पेशींवरून करायचा. तिच्या एका फील्डमध्ये साधारण १६ ते २० पांढऱ्या पेशी येतात. १०० फील्डमध्ये सोळाशे ते दोन हजार. एका मायक्रोलीटरला ८ हजार धरल्या तर ते झालं मायक्रोलीटरचा पाचवा ते चौथा भाग. पेशंटच्या रक्तात मायक्रोलीटरला १०० परजीवी असतील, तर थिकच्या १०० फील्डमध्ये वीसेक भेटायला हवेत. स्टेन करताना काही धुऊन जातात, ते वजा केले तरी दहा-बारा हाताला लागतील. थिनमध्ये तेवढ्याच मेहनतीने सरासरी अर्धा परजीवी भेटेल. अर्धा परजीवी कुणाला दिसत नाही. आणि तुम्ही १०० फील्ड पाहिली असतील असं मला वाटत नाही. लेशमनची थिन स्लाइड लावून डिफरन्शियल (पांढऱ्या पेशींच्या प्रकारांची मोजणी) करता करता डोळ्याखालून गेली तेवढी, तीस-चाळीस फील्ड, असंच बहुतेक लॅबमध्ये चालतं. मीही अनेक वर्षं तेच केलं.

म्हणून पहिला बदल हा की मलेरियाचा संशय असलेल्या प्रत्येकाची एकाच काचेवर एक थिक आणि एक थिन करायची. थिकमध्ये परजीवी शोधायचा, थिनमध्ये त्याची जात ओळखायची.

शक्य असेल तिथे बोटातूनच रक्त घ्या. डाव्या हाताची अनामिका, स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, लॅन्सेट, पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाकायचा. पुढचा मोठा थेंब थिकसाठी, त्याहून लहान थेंब थिनसाठी. थिकचा थेंब दुसऱ्या काचेच्या कोपऱ्याने तीन-चार वेळा फिरवून सेंटीमीटरभर गोल पसरवायचा. जास्त घोळला तर पांढऱ्या पेशी तुटतात. जाडी किती हवी याची जुनी खूण म्हणजे स्लाइड ओली असतानाच वर्तमानपत्रावर ठेवायची आणि थेंबातून खालची अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. मुळीच दिसत नसतील तर थर जाड झालाय, स्टेन करताना अख्खा पापुद्रा नळाखाली निघून जाईल. स्वच्छ दिसत असतील तर थिक करून उपयोगच झाला नाही.

नव्या खोक्यातल्या काचासुद्धा धुऊन, वाळवून घ्या. तेलकट काचेवर थिक टिकत नाही. ईडीटीएच्या (सीबीसीच्या ट्यूबमधलं, रक्त गोठू न देणारं रसायन) रक्ताची थिक तशीही काचेला कमी चिकटते, आणि ट्यूब पडून राहिली की परजीवीचा आकार बिघडत जातो. तासाभरात स्लाइड झाली तर ठीक. होम कलेक्शनचा मुलगा सकाळी आठला घेतलेली ट्यूब स्कूटरच्या डिकीत घालून बारा घरं फिरून साडेअकराला आणून देतो, त्या ट्यूबवर जात ओळखायला बसू नका. त्याच्याकडे चार काचा आणि लॅन्सेट देऊन ठेवा. थेंब घरीच पसरवायला त्याला एका दुपारी शिकवता येतं. आणि हो, पेशंट हमखास विचारतात, उपाशीपोटी यायचं का? नाही. पोहे-जिलबी खाऊन आले तरी मलेरियाच्या स्लाइडला काही होत नाही.

थिक आडवी ठेवून आपोआप वाळू द्यायची. हीटरवर, ट्यूबलाइटच्या चोकवर, उन्हात ठेवायची नाही. उष्णतेने लाल पेशी तिथेच पक्क्या होतात आणि मग पाण्यात फुटत नाहीत. थिकचं सगळं तत्त्वच लाल पेशी फुटून हिमोग्लोबिन धुऊन जाण्यावर उभं आहे. मे महिन्यात इंदुरात दुपारी टेबलावर नुसती ठेवलेली थिकसुद्धा दोन दिवसांत अशी पक्की होते, म्हणून शक्यतो त्याच दिवशी स्टेन करा. पावसाळ्यात उलटा त्रास. स्लाइड वाळत नाही आणि माश्या येऊन रक्त खातात. अक्षरशः खातात, थिकच्या मधोमध गोल चट्टे पडलेले दिसतात. मी घरून दुधावर झाकायची जाळी आणली होती, ती अजून त्या लॅबमध्ये आहे.

थिन तेवढी मिथेनॉलने फिक्स करायची, थिक नाही. एकाच काचेवर दोन्ही असताना काच थिनच्या बाजूला कलती धरून मिथेनॉल सोडायचं, म्हणजे ओघळ थिककडे जात नाही. नुसत्या वाफेनेही थिक अर्धी फिक्स होते, म्हणून वाळायला ठेवतानाही थिनची बाजू खाली. हे मी मुलांना इतक्या वेळा सांगितलं आहे की आता फक्त बोट दाखवते. मिथेनॉलची बाटली उघडी ठेवू नका. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी शिरलेल्या मिथेनॉलने फिक्स केलेल्या लाल पेशींत चकाकणारी भोकं पडतात. जुलै-ऑगस्टमध्ये अशा स्लाइडी पाहून घाबरलेले दोन-तीन फोन मला दरवर्षी येतात.

आता स्टेन. लेशमन वाईट नाही, पण लॅबमध्ये तो सीबीसीसाठी असतो आणि सोबतचा बफर पीएच ६.८ चा. मलेरियाला ७.२ लागतो. ६.८ वर लाल पेशी छान गुलाबी दिसतात, पांढऱ्या पेशींची केंद्रकं सुरेख, आणि व्हायवॅक्सचे (मलेरियाची दुसरी जात) शुफ्नर ठिपके, म्हणजे त्याच्या लाल पेशीतले बारीक ठिपके, मात्र गायब. फाल्सिपेरमच्या कड्याची (कोवळा परजीवी अंगठीसारखा दिसतो, त्याला कडं म्हणतात) निळी रेषाही इतकी फिकी पडते की घाईत सुटते. तुमच्या प्रकरणात हेही झालं असेल. थिकला लेशमन चालतही नाही, कारण तो मिथेनॉलमध्येच बनवलेला असतो. तेव्हा गीम्सा आणा. १९०४ चा स्टेन आहे आणि अजून त्याच्या तोडीचा दुसरा नाही. मलेरिया विभागाच्या जुन्या लोकांचा हात जेएसबी स्टेनवर बसलेला असतो. जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी १९४४ मध्ये आपल्याकडेच तयार केला, स्वस्त आणि झटपट, रोज ढिगाने स्लाइडी असतील तर उत्तम. पण तुमच्यासारख्या दिवसाला आठ-दहा संशयितांच्या लॅबला गीम्सा बरा.

१० टक्के गीम्सा दहा मिनिटं, किंवा ३ टक्के ४५ मिनिटं. तातडी असेल तर पहिला, सगळ्या स्लाइडी एकदम करायच्या असतील तर दुसरा, तो जास्त स्वच्छ येतो. पातळ केलेला स्टेन लगेच वापरायचा, उरलेला टाकून द्यायचा. मूळ बाटलीत ओला ड्रॉपर घालायचा नाही, ओतलेलं परत बाटलीत टाकायचं नाही. पाण्याचे दोन थेंब आत गेले की बाटली हळूहळू खराब होते आणि दोष मात्र कंपनीला मिळतो. शेवटी स्टेन काचेवरून ओतून टाकू नका. एका टोकाने हळू पाणी सोडा आणि वरची चकाकणारी साय तरंगत निघून जाऊ द्या. ओतलात तर तीच साय थेंबावर बसते. पाणी कुठलं वापरता तेही बघा. नळाला नर्मदेचं येतं तेव्हा ठीक, पण उन्हाळ्यात लॅबवाले बोअरिंगच्या पाण्यावर जातात, स्लाइड निळी पडते आणि कुणाला कारण कळत नाही. बफर डिस्टिल्ड पाण्यात करा आणि आठवड्यातून एकदा पीएचची पट्टी बुडवा.

त्या सायीवरून माझीच एक गोष्ट सांगते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, ऑगस्टात, मी एका दिवसात नऊ व्हायवॅक्स पॉझिटिव्ह दिले. मला वाटलं साथ आली. आमच्या सीनियर बाईंनी रजिस्टर पाहिलं आणि एका नावावर बोट ठेवलं: ‘याला ताप कधी आला?’ तो माणूस हर्नियाच्या ऑपरेशनसाठी भरती होता, तपासण्यांच्या यादीत कुणीतरी एमपीवरही खूण केली होती. त्याला ताप आलाच नव्हता. बाईंनी स्लाइड लावली, रक्ताच्या कडेबाहेर सरकवली आणि मला पाहायला सांगितलं. जिथे रक्ताचा थेंबही नव्हता त्या कोऱ्या काचेवरही माझे ‘परजीवी’ होते. सकाळी पातळ केलेला स्टेन मी दुपारपर्यंत वापरला होता, त्याचा गाळ. नऊपैकी खरे दोन निघाले. बाकीच्यांपैकी तिघांच्या चौदा दिवसांच्या प्रायमाक्विनच्या गोळ्या सुरूही झाल्या होत्या, आणि ज्याला जी-सिक्स-पीडीची (लाल पेशीतलं एक एन्झाइम) कमतरता असते त्याच्या लाल पेशी त्या गोळ्यांनी फुटू शकतात. कुणाला काही झालं नाही, ते नशीब. तेव्हापासून कुठल्याही स्लाइडवर संशय आला की मी आधी रक्त नसलेली काच बघते.

गाळाखालोखाल फसवते ती लाल पेशीवर बसलेली प्लेटलेट. हिच्याभोवती फिकट वलय असतं, ती जांभळट आणि दाणेदार दिसते, आणि फोकस बारीक हलवला की पेशीपेक्षा वरच्या पातळीवर असल्याचं कळतं. परजीवी पेशीच्या आत असतो, दोन्ही एकत्रच फोकसमध्ये येतात. त्याला निळा जीवरस आणि लाल केंद्रक, दोन्ही रंग पाहिजेत. एकच रंग दिसला तर मी पॉझिटिव्ह लिहीत नाही, आणखी शोधते. एकटा परजीवी क्वचित असतो.

जात ओळखताना आधी परजीवीकडे बघू नका, त्याच्या लाल पेशीकडे बघा. शेजारणीपेक्षा मोठी, फिकी, ठिपके असलेली असेल तर व्हायवॅक्स. आत कडं असेल किंवा पसरलेला, फाटक्या फडक्यासारखा आकार असेल. पेशी नेहमीच्या आकाराची, आत केसासारखं बारीक निळं कडं, कधी त्याला दोन लाल मणी, कधी एका पेशीत दोन कडी, कधी कडं पेशीच्या काठाला चिकटलेलं: फाल्सिपेरम. केळ्याच्या आकाराचा गॅमेटोसाइट (परजीवीचं डासात जाणारं रूप) दिसला तर प्रश्नच मिटला. तुमचा पेशंट अलीराजपूरचा होता. तिकडून, झाबुआ-बडवानीकडून, किंवा गुजरातेत मजुरीला जाऊन परत आलेला माणूस गंगवाल स्टँडवर उतरून सरळ लॅबमध्ये येतो तेव्हा फाल्सिपेरम आणि मिश्र संसर्ग, दोन्ही डोक्यात ठेवूनच स्लाइड लावायची. व्हायवॅक्स सापडला म्हणून थांबायचं नाही, ठरलेली फील्ड पूर्ण करायची. परजीवी एकही नाही, पण न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या पोटात तपकिरी-काळे दाणे दिसत आहेत, असंही होतं. ते मलेरियाचं रंगद्रव्य. अशा वेळी मी डॉक्टरांना फोन करते आणि सहा-आठ तासांनी पुन्हा रक्त मागवते.

मग कार्डाचं काय? कार्ड जरूर ठेवा. रात्री, गर्दीत, नवा माणूस ड्यूटीवर असताना त्याचा आधार आहे. पण मालकांना दोन गोष्टी सांगा. फाल्सिपेरमची रेघ ज्या एचआरपी-२ प्रथिनावर उमटते ते परजीवी मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं. गेल्या महिन्यात उपचार झालेला माणूस आज डेंगीच्या तापाने आला तरी कार्ड पॉझिटिव्ह दाखवू शकतं. उलट परजीवी फार कमी असतील तर कार्ड गप्प बसतं, आणि काही फाल्सिपेरममध्ये ते प्रथिन बनवणारं जनुकच नसतं. दुसरं, कार्ड संख्या सांगत नाही. थिकवर २०० पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत ३० परजीवी दिसले आणि पेशंटचा टीएलसी (मायक्रोलीटरमधल्या एकूण पांढऱ्या पेशी) ५२०० असेल, तर ३० गुणिले ५२०० भागिले २००, म्हणजे मायक्रोलीटरला ७८०. औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी हाच आकडा पाहून डॉक्टरांना कळतं की औषध लागू पडतंय की नाही. कार्डाची रेघ तेव्हाही तशीच गडद असणार.

वेळेचं म्हणाल, तर ती खरी अडचण आहे आणि ती मी नाकारत नाही. थिकची १०० फील्ड सरावाच्या माणसाला आठ-दहा मिनिटं घेतात. ऑगस्टात दिवसाला साठ स्लाइडी आल्या तर हिशोब दहा तासांवर जातो. मी तेव्हा निवड करायची. ताप आहे, प्लेटलेट लाखाच्या खाली, बाहेरगावचा प्रवास, गरोदर बाई किंवा लहान मूल: यांना पूर्ण १००, आणि संशय दाट असेल तर २००. बाकीच्यांना कार्ड आणि जमेल तेवढी फील्ड. पण जे पाहिलं तेच रिपोर्टवर लिहायचं. ‘मलेरिया नाही’ असं वाक्य आपण लिहूच नये. ‘थिक स्मिअरची १०० फील्ड पाहिली, परजीवी दिसले नाहीत, ताप कायम असल्यास १२ ते २४ तासांनी पुन्हा तपासणी’ असं लिहिलं की डॉक्टर दुसरी स्लाइड मागवतात. एका निगेटिव्हवर मलेरिया बाद करायचा नसतो, लागोपाठ तीन तरी हव्यात. थंडी भरायची वाटही बघायची नाही, पेशंट समोर आहे तेव्हाच रक्त घ्यायचं. तुमच्या रिपोर्टवर ‘थिन, ४० फील्ड’ एवढंच लिहिलेलं असतं, तरी तो माणूस निर्धास्त होऊन घरी गेला नसता.

मायक्रोस्कोप विकत घेण्याआधी १०० च्या ऑब्जेक्टिव्ह लेन्सवरचं वाळलेलं तेल लेन्स पेपरने पुसा, कंडेन्सर (स्लाइडखालची, प्रकाश एकवटणारी लेन्स) पूर्ण वर घ्या, आयरिस (प्रकाशाची झडप) उघडा. अर्ध्या लॅबमध्ये कंडेन्सर खाली पडलेला असतो आणि सगळे प्रकाश कमी आहे म्हणून ओरडत असतात. पुसूनही धूसर दिसलं तर मालक म्हणतात ते बरोबर, ऑब्जेक्टिव्ह बदला. अख्खं यंत्र बदलायची गरज बहुतेक वेळा पडत नाही.

आणि त्या मजुराची स्लाइड टाकून दिली नसेल तर आज संध्याकाळी काम आटोपल्यावर परत लावा. शेपटीकडून आणि दोन्ही कडांनी सुरुवात करा, ३०० फील्डपर्यंत जा, शेजारी कागदावर पाच-पाचच्या खुणा करत. कडं सापडलं तर ते कितव्या फील्डला सापडलं तेवढं कळवा.